पंच्याहत्तर टक्क्यांची टीम

१४ ऑगस्ट, गुरुवार
सीझन सुरू! आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची फुटबॉल टीम दोन वर्षांची. कुठल्याच लीगमध्ये नाही. लीगवाले घेत नाहीत, असं स्टाफरूममध्ये कुजबुजतात. कुजबुजू देत. आम्ही स्वतंत्र आहोत. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. त्यांच्या टीम बोलवायच्या आणि हरवायच्या, हा प्लॅन माझा.

प्राचार्य निवेदिता मॅडमनी बजावलंय, सीझनमध्ये एक तरी मॅच जिंका, नाहीतर टीम बंद. एकच? मॅडमनी मला अजून ओळखलेलं नाही.

टीम निवडली. हजेरी पंच्याहत्तर टक्के असेल तोच मैदानात. अनिश आणि त्याचे चार दोस्त लेक्चर बुडवून दिवसभर फुटबॉल बडवतात. पाचही बाकावर! शिस्त म्हणजे शिस्त.

२१ ऑगस्ट
०-६. वारं विरुद्ध होतं. हाफटाइमनंतर बाजू बदलली तरी.

४ सप्टेंबर
०-५. एक गोल कमी खाल्ला. याला म्हणतात प्रगती. नीलिमा म्हणाली, अहो, त्या अनिशला एकदा घेऊन तर बघा. बायकोने कोचिंगमध्ये पडू नये.

११ सप्टेंबर
०-७. प्रगतीत असे चढउतार असायचेच. आमचा गोलकीपर हाफटाइमला जर्नल लिहीत होता. गुणी पोरगा. अनिश म्हणाला, सर, पाया पडतो, दहा मिनिटं तरी उतरवा. म्हटलं, आधी मेकॅनिक्सला बस.

२५ सप्टेंबर
शेवटची मॅच. दसऱ्याला गाड्यांची डिलिव्हरी, म्हणून कंपनीत सुट्टी रद्द, ओव्हरटाइम सुरू. त्यांचे सहाच जण आले. कॅप्टन युनूसभाई म्हणाले, सर, आमची माणसं लाइनवर अडकलीत, वॉकओव्हर घ्या. मॅडम समोरच खुर्चीत. त्याही म्हणाल्या, घेऊन टाका ना.

छे! फुकटचा विजय मी घेतो होय? बाकावरचे पाचही युनूसभाईंना देऊन टाकले. त्यांचे अकरा झाले. मन मोठं लागतं राव!

०-४. चारही गोल अनिशचे.

२६ सप्टेंबर
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, काल कंपनीकडून खेळलेली ती पाच मुलं कुठली? मी छाती फुगवून सांगितलं, आपलीच!

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, टीम बंद करत नाही. मी थँक्यू म्हणणार, तोच म्हणाल्या, यापुढे टीम अनिश निवडेल. तुम्ही हजेरीचं काम बघा, त्यात तुमचा हात कोणी धरू शकणार नाही.

सरळसरळ अन्याय! आठ दिवसांत पोरं रडत येतील माझ्याकडे. येऊ देत. मी लगेच हो म्हणणार नाही.

३ ऑक्टोबर
कोणी आलं नाही. दसऱ्याच्या गडबडीत असतील.

९ ऑक्टोबर
आज जिंकलो! २-१! पोरांनी युनूसभाईंना परत बोलावलं होतं. समोर त्यांची पूर्ण टीम होती, तरी जिंकलो.

म्हणजे, पोरं जिंकली. मी तिसऱ्या मजल्यावर हजेरी भरत होतो. खाली आरडाओरडा झाला तेव्हा कळलं. पळत खिडकीशी गेलो. अनिशला खांद्यावर घेऊन नाचत होते. इतका आनंद झाला की मीही ओरडलो, दोन्ही हात हलवले.

कोणी वर बघितलं नाही.