हिरव्या काठाची घडी

गगनबावडा, मंगळवार संध्याकाळ

आमच्या होमस्टेत उतरलेल्या मलेशियाच्या बाईंनी सकाळी मागच्या दरीतून रिकाम्या बाटल्यांची पिशवी वर आणली. कोरोनानंतर त्यांनी ठरवलंय, जाऊ तिथला कचरा उचलायचा. "आम्ही प्रवासी तुमचा डोंगर घाण करतो, माफ करा," म्हणाल्या. मी आपली "असू दे" म्हणाले. असू दे काय? पिशवीचं तोंड माझ्याच साडीच्या हिरव्या काठानं बांधलेलं. कचऱ्याची गाडी इथवर येत नाही, म्हणून मीच ढकलते पिशव्या खाली.

ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "गप बस की, परवा जात्यात त्या!"

मघाशी बाईंची खोली झाडायला गेले. पलंगावरची वाकळ त्याच साडीची, मीच शिवलेली. तिच्यावर तो हिरवा काठ धुऊन, घडी घालून ठेवलेला.

नंतर चहाला आल्या, हसल्या. या वेळी माफी मागितली नाही त्यांनी.