दाजींचा नारळ आणि विमानाचं शेपूट

ती. नागेशदाजी, मु. सणसर, ता. इंदापूर, यांना जळोचीहून धाकटा मेहुणा आबाजी याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, सारजाक्काची शुगर, नवी कालवड आणि खोडवा उसाची तब्येत कशी आहे ते कळवावं. (फोनवरच विचारलं असतं. पण महिना झाला, तुमचा फोन अर्धवट वाजून गप होतो. माझे कान तिखट आहेत, दाजी. रेंज गेलेला फोन आणि अंगठ्यानं गप केलेला फोन यांतला फरक मला ऐकू येतो. म्हणून कागद.)

इकडं सगळे ठीक. विमानाचं धडसुद्धा ठीक, आता तशी तक्रार नाही. हे पत्र केवळ खुशालीसाठी आहे, दुसरा काही हेतू मनात आणू नये.

दाजी, दोन वर्षांपूर्वी खोक्यांतून हे सुट्टं विमान आलं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, "मेव्हण्या, घरी जुळवायला ही काय बाज हाय का?" मीही मनातून भ्यालो होतो. तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधतोय. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच हातानं, एकाच दिवशी पाडलेली दोन भोकं एकमेकांवर बसवायला मला हातोडा लागतो. आणि इथं समुद्रापलीकडं कुण्या माणसानं पाडलेलं भोक जळोचीत दुसऱ्या पत्र्याच्या भोकावर बसतं, केसाचा फरक नाही! पहिल्या दिवशी अशी चाळीस भोकं जुळली आणि मी चपला शेडबाहेर काढून आलो. सुधा म्हणाली, "अहो, पायात खिळा घुसंल." घुसला. तरी आजवर चपला बाहेरच असतात. पत्रा म्हणाल तर डालड्याच्या डब्याइतका पातळ, अंगठ्यानं दाबला तर दबतो. पण गोल वळवून आत फासळ्या घातल्या, की तोच पत्रा दोन माणसं पोटात घेऊन ढगात जाणार. आख्खं धड मी आणि सुधानं दोघांनी उचललं. माझ्या ट्रॉलीचं नुसतं मागचं फाळकं उचलायला चार गडी लागतात. परवा त्यावर चिमणी बसली आणि तिची नखं मला आतून ऐकू आली. मी बराच वेळ कान लावून उभा होतो. चिमणी उडून गेली तरी उभाच होतो.

आता खंडेनवमीचं. तुमचं काहीच चुकलं नाही असं म्हणणार नाही, पण बरंचसं माझं चुकलं. जावयाचा मान म्हणून नारळ मीच तुमच्या हातात दिला. ट्रॅक्टर काय, ट्रॉली काय, नारळ हुकावर फोडायचा ही आपली रीत. तुम्ही धडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलंत, "हुक कुठाय?"

मी म्हणालो, "हुक न्हाय याला, दाजी."

"हुक न्हाय? मग वडायचं कशानं?"

"वडायचं न्हाय, उडवायचंय." (सगळे हसले. तिथंच मी गप बसायला हवं होतं.)

मग तुम्ही जिथं ट्रॉलीला हुक असतो तिथंच, म्हणजे शेपटाच्या जरा अलीकडं, येळकोट म्हणून दणका दिलात. नारळ शाबूत राहिला आणि पत्रा टोपल्याएवढा आत गेला. आणि मी चाळीस माणसांत ओरडलो, "अवो, अक्कल काय सणसरलाच ठिवून आला का?" तुम्ही नारळ माझ्या हातात ठेवलात, "फोड तुझा तू, आन उड," एवढंच बोललात आणि निघालात. सारजाक्का उलट्या चपला घालून तुमच्या मागं. त्या नारळाला अजून हात लावलेला नाही.

असो. झालं गेलं. पोरांना आशीर्वाद, आक्काला नमस्कार.

आपला,
आबाजी

ता. क. – चेपलेला पत्रा काढला, नवा आला आहे. तो रिव्हेटनं बसवायचा, तर बाहेरून मी ठोकणार आणि शेपटाच्या नळीत आडवं पडून कुणीतरी लोखंडी ठोकळा आतून दाबून धरायचा. आमच्या घरात सगळे पोटानं सुखी. मी खांद्यापर्यंत गेलो आणि अडकलो. सुधानं पाय धरून मला बाहेर ओढलं. पाहुण्यारावळ्यांत त्या नळीत मावेल असा माणूस एकच. बुधवारी सकाळी याल का?

ता. क. २ – हे लिहिणार नव्हतो. पत्रा काढल्यावर आत एक लोखंडी पट्टी निघाली. ती नकाशात नाही. मी घातलेली. ट्रॉलीला गिऱ्हाइकाच्या नकळत एक पट्टी जास्त टाकायची माझी सवय; ज्यादा माल भरला तरी मोडू नये म्हणून. पायाशी पॅडल दाबलं की मागचं सुकाणू वळवणारी तार त्या पट्टीच्या धारेला घासत होती. 'चर्र' असा आवाज यायचा. मी तो ऐकला होता, दाजी. नवी तार आहे, बसेल, म्हणालो. विमानं दुरुस्त करण्यात जन्म गेलेले नीळकंठसाहेब तपासायला आले. त्यांनी तारेवरून बोट फिरवलं आणि खाली बसले. म्हणाले, "आबाजीराव, ही तार वर गेल्यावर तुटली असती. कुणी उघडायला लावला हो हा पत्रा?" मी तुमचं नाव सांगितलं. सुधा तेव्हापासून माझ्याशी बेताचंच बोलते. तिचं म्हणणं, एवढं लांबण लावण्यापेक्षा एक शब्द लिहा. लिहितो. चुकलो.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आक्काचा सुधाला फोन आला. मी पलीकडच्या खोलीत होतो, पण ऐकू आलं. नळीचं सगळं सुधानं आधीच तिला सांगितलंय. आणि तुम्ही आठ दिवस झाले, सकाळी पलंगाखाली शिरून, पाटा-वरवंट्यातला वरवंटा दोन्ही हातांनी वर धरून पडताय. कुणी विचारलं तर म्हणता, "पाठ धरलीया." तरी हे पत्र धाडतोच. मानाचं बोलावणं आल्याबिगर तुम्ही पलंगाखालून निघायचे नाही.