रांग सरकली का

१४ जून, कोलंबो
आले बाई एकदाची! नोकरी, खोली आणि दोन वेळचं जेवण, सगळं एकदम पदरात पडलं. केगल्लहून निघताना अम्मा रडायला लागली. तिला म्हटलं, अख्ख्या देशात लोकांच्या नोकऱ्या चालल्यात आणि तुझ्या इनोकाला कॅसिनोत पत्ते वाटायचा पगार मिळणार आहे, रडतेस काय! खोलीतली सोबतीण थर्षिका जाफन्याची आहे, कॅसिनोतच काम करते. जीभ तिखट, पण पहिल्याच संध्याकाळी तिने आपल्या वाट्याचा अर्धा मासा माझ्या ताटात सरकवला.
खिडकीखाली पेट्रोलची रांग आहे. एप्रिलमध्ये अप्पच्ची याच रांगेत, रिक्षात बसल्या बसल्या गेले. बाप गेला त्याच रस्त्यावर लेकीला नोकरी मिळावी, काय म्हणावं! पडदा ओढून घेतला.

१६ जून
आमचे साहेब वीरकोन सर म्हणजे सदा आंबट चेहरा. धंदा पार बसलाय. परदेशी पाहुणे येत नाहीत, गावातले येतात ते जनरेटरच्या गारव्याला आणि फुकटच्या जेवणाला. म्हणून सरांचा नियम असा की टेबल रिकामं असलं तरी प्रत्येक खुर्चीपुढे पत्ते वाटत राहायचे. थांबलेलं टेबल दिसलं की आलेला माणूसही परत फिरतो, म्हणतात. दुपारभर मी हवेला पत्ते वाटले.
दुसरा नियम हातांचा. टेबल सोडताना आणि दारातून बाहेर पडताना हलकी टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे वर करून कॅमेऱ्याला दाखवायचे. काही उचललं नाही, याचा पुरावा. सरांनी हे इतकं घोटून घेतलं की मी जेवून उठतानाही टाळी वाजवते. थर्षिका म्हणाली, "कळलं गं, भात तू चोरला नाहीस. पोटात गेला तो."

२० जून
माझं टेबल भरायला लागलं! माणसं गप्प आणि सभ्य. प्रत्येकाच्या हाताशी भाताची ताटली असते, पण कुणी घास घेत नाही. हरले तरी चेहरा हलत नाही. सरांना मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ते दुसरीकडेच बघायला लागले. थर्षिका शेजारच्या टेबलावर असते. ती विचारत होती की मी दिवसभर कुणाकडे बघून हसते.

२३ जून
शेवटच्या खुर्चीवर चौकड्यांचा शर्ट. कॉलरचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून ते मीच तसं शिवलं होतं.
त्यांनी मान वर केली. म्हणाले, "दुवे, रांग सरकली का गं?"
दुवे, म्हणजे लेकी. या हाकेने मला जगात एकच माणूस बोलावत होता. मी पत्ते वाटत राहिले. दुसरं काय करणार होते?

२५ जून
ते सांगतात की मागच्या रिक्षावाल्याला लक्ष ठेवायला सांगून नुसते जेवायला आत आले होते. मग म्हटलं, एक डाव खेळावा. टाकी भरेल आणि सणाला अम्माला साडी होईल. एवढा एक डाव झाला की उठणार आहेत. आपण गेलो हे त्यांना ठाऊकच नाही. वाटता वाटता माझे डोळे भरून आले. थर्षिका दंड धरून हळूच म्हणाली की त्या खुर्चीवर कुणी नाही.
पाच जुलैला घरी त्यांचं तीन महिन्यांचं दान. भिक्खू जेवतील, पुण्य त्यांच्या नावाने सोडलं जाईल. पण ते इथे खिळून बसले तर पुण्य त्यांना पोचणार कसं? त्याआधी त्यांना बाहेर काढायचंच.

२९ जून
खोटं बोलले. म्हटलं, "सरकली, अप्पच्ची. चला."
लगेच उठले. किती विश्वास! त्यांचा हात धरला. बर्फ. रिक्षाच्या मुठीने पडलेले घट्टे तसेच. दारापर्यंत आलो. वर कॅमेरा—
टाळी वाजली. माझीच. तळवे वर. दोन्ही रिकामे.
मागून एकदाच आलं, "दुवे?"
मग काही नाही. मेली सवय. मेले माझे हात.

१ जुलै
टेबल रिकामं. सगळ्याच खुर्च्या. 'सरकली, चला' हे सगळ्यांनीच ऐकलं असणार.
संध्याकाळी आमच्या जिन्यात पावलं. खूप पावलं. सावकाश.

३ जुलै
रस्त्याच्या वळणापासून आमच्या दारापर्यंत रांग. हातात ताटल्या. थर्षिकाला दिसत नाहीत, तरी शिळ्या भाताचा वास येतो म्हणून मावशीकडे गेली. मलाही ओढत होती. नाही गेले.
कारण अप्पच्ची पुढे नाहीत. मी हात सोडला आणि त्यांचा नंबर गेला. पार टोकाला, वळणावर, तो शर्ट दिसतो. खिडकीतून हाका मारल्या. त्यांनी हातानेच खूण केली— थांब, पाळी येईल. जन्मात कधी रांग मोडली नाही त्यांनी.

५ जुलै
अम्माचा फोन. भिक्खू जेवायला बसले. मीही रांधलंय, त्यांच्या आवडीची फणसाची भाजी—
दारावर थाप. फटीतून दिसतो तो पहिला माणूस. ओळखीचा नाही. तोंड—
पुढचे आत आल्याशिवाय त्यांची पाळी येणार नाही. भीती वाटते. फार.
कडी काढते आहे. अप्पच्ची, तेव्हा खोटं बोलले. आता बघा, खरंच सरक—