गाडी मी चालवत होतो

मी, जानकू भागू करगळ, वय एकाहत्तर, धंदा शेती व मेंढपाळी, राहणार आणे, तालुका जुन्नर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून ओळ सरळ येते.

राहते घर पत्नी गजराबाई हिचे, ती असेपर्यंत. तिच्यानंतर सून पुष्पा व नात दिशा यांचे निम्मे-निम्मे. गजराबाईला पहाटे चहा लागतो. तो कोणी बंद करू नये.

पिकअप गाडी. आरसी बुकात नाव माझे आहे, पण ती पुष्पाची समजावी. मुलगा गोरक्ष आजारात गेला, तेव्हा मेंढरे बाजाराला कोण नेणार म्हणून ती गाडी शिकली आणि कर्जाचे हप्ते तिनेच फेडले. बँकेतल्या साहेबांनी मला सांगितले आहे की मालक गेला तरी कर्ज जात नाही. म्हणून उरलेले नऊ हप्ते माझ्या मेंढ्या विकून भरावेत, बँकेचा बोजा उतरवावा आणि गाडी तिच्या नावावर करावी. भाऊ दादाभाऊ याने "गाडी भावकीची" असे म्हणू नये.

आता एक खरे लिहितो. तीन वर्षांपूर्वी बेल्ह्याच्या बाजारात गाडी मागे घेताना जुन्नरच्या नवाबभाईंची मोटारसायकल चाकाखाली चेपली. ते नुकतेच उतरले होते, म्हणून वाचले. गाडी मी चालवत होतो. मोतीबिंदूने दिसत नव्हते आणि लायसनची मुदतही संपली होती. माणसे जमायच्या आत पुष्पाने मला बाजूला सरकवले, स्वतः स्टेअरिंगवर बसली आणि म्हणाली, "गाडी मीच चालवत व्हते." मी गप्प बसलो. विम्याकडे आम्ही गेलो नाही. तिने कानातली फुले मोडून मोटारसायकल नीट करून दिली. दादाभाऊ गावभर म्हणत फिरला, "बाईच्या हातात गाडी दिली की आसंच व्हनार." तेव्हाही मी गप्पच होतो.

गेल्या महिन्यात नवाबभाईंच्या घरी जाऊन कबूल केले. ते म्हणाले, "भाऊ, काचेतून मला पटका दिसला व्हता, पदर न्हाई. पर त्या पोरीच्या तोंडाकडं बघून गप ऱ्हायलो."

माझ्या बचतीतून पुष्पाला पहिल्यासारखी कानातली फुले करावीत. उरेल ते दिशाच्या शिक्षणाला. दादाभाऊला वडिलांची घोंगडी द्यावी. मात्र ती घ्यायला त्याने पुष्पाच्या शेजारी बसून, तिच्या गाडीतून एकदा बेल्ह्याला जाऊन यावे.

हे सगळे मी घरात वाचून दाखवले. पुष्पा रडली आणि म्हणाली, "आबा, बाजाराचं तेवढं खोडा. लोकं तुमाला नावं ठेवतील."

खोडलेले नाही.

सही: जानकू भागू करगळ

आमच्यासमोर सही केली:
१. सोपान आहेर, निवृत्त शिक्षक, आणे
२. मोहसीन अत्तार, दुकानदार, बेल्हे

ठिकाण: आणे
तारीख: १२ जानेवारी २०२५