गच्चीवरचं बिनपाण्याचं गवत

पूनम पोरी,

मी सांगोल्याला निघालो. ऋतू शाळेतनं आली की सांग, कोकरू आईसाठी लई वरडत हुतं, म्हणून आबांनी गावाकडं नेलं.

गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या गवताची कड उचकटलीय, ती शहाजीला चिकटवाय लाव. सुटलेलं धागं झाडून काढ. उन्हात ते लई तापतंय, पोरगी खेळायच्या आधी पाणी मारत जा.

बिनपाण्याचं हिरवंगार गवत बघून मीच कौतुकानं कोकराला तितं बांधलं. सारा जलम मेंढरांत गेला, तरी हे ध्यानात आलं न्हाय. सकाळी बघितलं तर तोंडात हिरवं धागं, अन् अंग गार पडलेलं. पोत्यात घालून नेतोय.

फोनवर त्याचा आवाज ऐकायचा हट्ट ऋतूनं धरला, तर कळपातलं दुसरं कोकरू फोनपुढं धरीन.

— आबा