रबराचा पंखा

१९ मे १९८६, सोमवार

मिळाली! पेटी मिळाली! दोन प्लग, पेट्रोलची नळी, स्टार्टरची दोरी आणि मुख्य म्हणजे रबराचा पंखा. मी चालवतो त्या सरकारी बोटीच्या मोटरला नदीचं पाणी ओढून थंड ठेवतो तो. गेल्या श्रावणात त्याचीच पाती तुटली, मोटर भर धारेत तापून बंद, आणि आम्ही पाच जण दोन कोस वाहत गेलो. तेव्हाच ठरवलं — आता मोडेपर्यंत थांबायचं नाही. दर पावसाळ्याआधी नवा!

भांडाराचे बापूराव ऐकेनात. "मोडका आन, नवा ने. चालू पंखा बदलून देल्ला तर साहेब मायीच बदली करन." नियम म्हणजे नियम. मग काय! समोरच्या पानठेल्यावर अडकित्ता मागितला, सोबत नेलेल्या धडधाकट पंख्याची तीन पाती कचाकच कापली आणि परत आलो. "घ्या, मोडला!" बापूरावांनी हसत सही घेतली. हा पराक्रम फक्त इथेच लिहितो.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. बायको, सत्यशीला, नदीपल्याडहून आली, खीर केली. तिकडच्या उपकेंद्रात एकटीच नर्स — आणि स्वतःलाच आठवा महिना! जुलैत बाळंत व्हायची.

"आताच ये इकडे," मी किती दिवस म्हणतोय. पण पल्याड दोन बायांचे दिवस भरत आलेत, त्यांना टाकून येईना. आज मात्र मीच म्हटलं — जूनभर खुशाल थांब, मोटर नवी कोरी होतेय, पुरातून तुला मीच आणतो!

"नक्की ना?"

"शंभर टक्के!"

२८ मे

सगळं बदललं! हात काळेकुट्ट, मन गार. लालसूभाऊ दिवसभर शेजारी बसून बघत होता. चाळीस वर्षं या घाटावर डोंगा चालवणारा माडिया म्हातारा.

"चांगली मोटर काऊन खोलून राह्यला?"

"बंद पडायच्या आधी बदलतो, भाऊ."

मग म्हणाला, "बराबर हाय. डोंग्याचा बांबू मी बी पुराच्या पहिलेच बदलतो."

इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

१ जून

मोटर आता ताडपत्रीखाली झाकून ठेवणार होतो, पूर येईपर्यंत. लालसू आडवा आला — "पंडुम केलं काय?" त्यांच्यात नवा आंबासुद्धा आधी देवाला दिल्याशिवाय कोणी तोंडात टाकत नाही. मग मोटरचे नवे भाग तरी तसेच कसे वापरायचे?

"माझा देवबिव नाही, भाऊ."

"तुया नसन. नदीचा हाय."

हरलो! परवा डोहात एक चक्कर मारू म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही मिरवायचंच होतं.

३ जून

पहिल्याच ओढीला सुरू! लालसूने पाण्यात मोहाची चार फुलं सोडली, मी डोहात गरागरा फिरवली. काठावर पोरं ओरडतायत, मीही ओरडतोय! दहा मिनिटं झाली असतील. मोटरमागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली. थांबली. घाईघाईने बंद केली.

खोललं — नव्या पंख्याचे तुकडे! पुडीवरचं साल आता वाचलं — १९७३. तेरा वर्षं भांडारात पडून रबर पापडासारखं वाळलेलं. आणि कापला तो फक्त वर्षभराचा होता. शहाणाच मी! तरणा कापला, म्हातारा बसवला.

४ जून

बापूरावांना कळवलं. नागपूरहून यायला तीन आठवडे.

सत्यशीलेला चिठ्ठी लिहायला लाज वाटली. तीनदा फाडली. शेवटी एवढंच — "मोटरच्या भरवशावर राहू नको. चूक माझी आहे." लालसूच्या हाती दिली.

८ जून

आली! लालसूच्या डोंग्यात बसून, छत्री उघडून! शिव्या खायच्या तयारीत घाटावर उभा होतो, तर बाईसाहेब हसतायत.

"तुमीच म्हणता ना, बंद पडाच्या आधी बदलाव? मंग मी पुराची वाट काऊन पाहू?"

"आणि तुझ्या दोन बाया?"

तिने मागे बोट दाखवलं. लालसू दुसऱ्या खेपेला निघाला होता. पल्याडच्या काठावर मंगली आणि तिची जाऊ गाठोडी घेऊन उभ्या!

आमच्या पडवीत आज तीन गरोदर बाया. मी भाताचं मोठं भांडं शेजारून मागून आणलं.

११ जून

काल दुपारपासून नदी दोन्ही थड्या भरून वाहतेय. रात्री सत्यशीलेचं पोट अचानक दुखू लागलं, रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेली. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, पल्याड असती तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

मोटर अजून खोललेलीच आहे.