आबा, माझ्या दुखण्याचं बारसं झालं

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण आज कंबर जरा जास्तच बोलतेय, म्हणून उभ्यानंच हात जोडतो. गोड मानून घ्या.

तुम्हाला जाऊन आता दोन वर्षं होतील. मधल्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बातमी पाहिजे की! ती काल मिळाली. काल मी आणि तुमची सून मिरजेला जाऊन आलो. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं निजवलं आणि अंगठ्यानं एकेक जागा दाबत गेले. मानेखाली, खांद्याच्या पात्यावर, कमरेत, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. दर वेळी मी ओरडत होतो आणि दर वेळी ते खूश होऊन मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "फायब्रोसायटिस." मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे हे अंगभर फिरणारं दुखणं, एक्स-रेत दिसत नाही, रक्तात सापडत नाही, औषधानं पुरतं जात नाही आणि यानं माणूस मरतही नाही. "हे मनाचे खेळ नाहीत," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला काय झालं कोण जाणे, मी हसायलाच लागलो. तुमची सून घाबरली.

आठ वर्षांनी माझ्या दुखण्याचं बारसं झालं, आबा. आणि घुगऱ्या खायला तुम्ही नाही!

सुरुवात आठवते का? संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आमच्या कचेरीत कामाचा ढीग येऊन पडला. दरबारचे जुने मोडी कागद बालबोधीत उतरवून काढायचे. अकरा ते साडेपाच मान खाली घालून लिहीत बसायचं. आधी मनगट धरलं, मग खांदा, मग पाठ, आणि एक दिवस असा उजाडला की कुठं दुखत नाही तेच सांगता येईना. झोपून उठावं तर आदल्या दिवशी ऊस तोडून आल्यासारखं अंग. बरं, दुखणं एका जागी तरी बसेल? आज डावा खांदा, तर उद्या उजवी मांडी.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तालमीत लाल मातीच्या हौद्याच्या काठावर बसला होता. मिशीवरून हात फिरवलात आणि बसल्या जागी निदान केलंत, "खुराक कमी पडतोय."

चाळीस वर्षं मातीत घालवलेल्या वस्तादाला दुसरं काय सुचणार म्हणा. पेठेत कुणाला पडसं होवो की कावीळ, तुमचं उत्तर ठरलेलं. झालं, माझ्यामागं बदाम लागले, थंडाई लागली, संध्याकाळी चौकात म्हशीच्या कासेखाली धरलेला फेसाळ दुधाचा पेला लागला. दोन महिन्यांत आईला माझे सदरे उसवून सैल करावे लागले. दुखणं होतं तिथंच होतं, फक्त त्याला आता फिरायला जागा जास्त मिळाली.

मग तुम्ही मला मातीत घातलंत. "माती समदं वढून घेती," म्हणालात. तेल, ताक, हळद घालून मुरवलेली ती लाल माती अंगाला चोळायला तुम्ही दोन जवान पैलवान सोडलेत माझ्यावर. बिचाऱ्यांनी वस्तादाचा मुलगा म्हणून जराही कसूर केली नाही. एकानं पाठीत कोपर घातलं, दुसरा मांड्यांवर उभा राहिला. तीन दिवस मला पाण्याचा तांब्या उचलता आला नाही. चौथ्या दिवशी तुम्ही आईला समजावत होता, "माती लागू पडायला येळ लागतो." आई चुलीपुढून म्हणाली, "लागू पडली की. पोरगं उठंना झालंय."

कोल्हापूर सोडून दुसऱ्या कुठल्या गावात कारकुनाच्या खांदेदुखीवर असा उपाय केला असता का हो?

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण एक गोष्ट तेव्हा लागली, आणि आज सांगून टाकतो. पुढच्या आठवड्यात तालमीत चार लोकांसमोर तुम्ही म्हणालात, "माझं पोरगं अंग चोरतंय." मी दारातच उभा होतो. पैलवानाच्या पोटी कारकून आला याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट माझ्या अक्षराचं कौतुक तुम्ही गावभर सांगायचा. पण कामचुकार आला असं तुम्हाला वाटलं, आणि ते तुम्ही बोलून दाखवलंत. महिनाभर मी तुमच्या पंगतीला जेवायला बसलो नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.

तिकडं कचेरीत वेगळाच घोळ. जुने कागद फडक्यात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणतो. असा एक जाडजूड रुमाल मी पाठीमागं लावून बसायला लागलो. फार आराम वाटायचा. एके दिवशी आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब मागून आले आणि ओरडले, "दरबारच्या दप्तराची उशी करता?" त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर डोळा. काम मागं पडत होतं हेही खरंच. त्यांनी सरकारी डॉक्टरांचा दाखला आणायला लावला. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, कोणताही रोग आढळत नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि मी डोक्याला हात लावून बसलो. रोग नाही, मग काम का होत नाही? भाऊसाहेबांनी स्वच्छ सांगितलं, महिनाभर बघू, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. घरात पगार आणणारा मी एकटा. आणि त्या वेळी माझं खरं मानणारं माणूसही घरात एकच, ते म्हणजे आई.

मग तो सोमवार. सकाळी मान वर केली तर कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर तुम्ही. डोक्याला फेटा, हातात काठी. भाऊसाहेब स्वतः खुर्ची घेऊन धावले. त्यांनी लहानपणी तुमच्या कुस्त्या पाहिलेल्या. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे पावणं. मी हितंच बसतो. माझं काम हाय." अकरापासून साडेपाचपर्यंत तुम्ही त्या बाकावरून हलला नाहीत. भाकरीचं फडकंसुद्धा तिथंच सोडलंत. नजर खिडकीतून सारखी माझ्यावर. मला वाटलं, माझी चोरी पकडायला आलाय. इरेला पेटून मी दिवसभर एकदाही कण्हलो नाही, की खांदा चोळला नाही.

घरी जाताना देवळाच्या महाद्वारापर्यंत तुम्ही माझ्या दोन पावलं मागून चालत होता. मग एकदम विचारलंत, "डावा खांदा जास्त दुकतुय न्हवं?"

"तुम्हाला कशावरून कळलं?"

"दौत डावीकडं, आन् हात न्हेताना समदा वळून न्हेतुयास. दुपारनं कंबार धरली. कुणी आलं की सरळ बसतुयास, गेलं की टेबलाला टेकतुयास."

तुम्ही काठी टेकून थांबलात. "चाळीस वर्सं मी ह्येच बगत आलोय. सोंग करणारा गडी दुकणं दाखवतो. ज्येला खरं दुकतं त्यो लपवतो, समोरच्या गड्याला कळू नी म्हणून. तू आज दिसभर लपवत हुतास." मग आवाज खाली आणून म्हणालात, "मी समोरचा गडी न्हवं, लेका. मी तुझा बा हाय."

मला भर रस्त्यात रडू आलं. तुम्ही फेट्याचा शेमला पुढं केलात आणि वर म्हणालात, "डोळंच पूस, नाक नगं. कालच धुतलाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाऊसाहेबांपुढं उभे. "सायब, जो पैलवान सकाळीच समदा दम घालवतो त्यो दुपारी आडवा हुतो. ह्येला अर्ध्या अर्ध्या तासानं उठू द्या, उभ्यानं लिव्हू द्या. महिन्यानं काम बगा." भाऊसाहेब म्हणाले, "वस्ताद, ही कचेरी आहे, तालीम नव्हे." तुम्ही म्हणालात, "मग सकाळी तालमीत या की. फरक दावतो." भाऊसाहेब हसले, आणि अडगळीतलं एक उंच मेज मला मिळालं.

त्या महिन्यात तुम्ही मला कुस्तीसाठी करावं तसं तयार केलंत, पण अगदी उलट्या रीतीनं. पहाटे जोर-बैठका नाहीत, रंकाळ्याला एक सावकाश फेरी, तुमच्याबरोबर. कढत पाण्यानं अंघोळ. दौत कधी डावीकडं, कधी उजवीकडं. आणि सगळ्यांत अवघड अट, "बरं वाटतंय म्हणून त्या दिशी चार गड्यांशी झुंजू नगंस. बऱ्या दिसालाच सवताला आवर." ही अट मी किती वेळा मोडली आणि किती वेळा तिची किंमत मोजली, ते माझं मला ठाऊक. काल मिरजेच्या डॉक्टरांनी पुस्तकात बघून जवळपास हेच सांगितलं. मी म्हटलं, हे आमच्या वस्तादांनी आधीच सांगितलंय. त्यांना वाटलं मी कुठल्या वैद्याबद्दल बोलतोय.

महिना संपला, काम पुरं झालं, नोकरी राहिली. अजूनही रोज दुखतं बरं का. अजूनही मी अर्ध्या अर्ध्या तासानं उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. कचेरीत मला उभे कारकून म्हणतात. नव्या साहेबांना तर वाटतं ही एखादी वेगळी जागाच आहे.

आबा, आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात रंकाळ्याच्या फेरीत तुम्ही मधेच थांबायला लागला होता. थांबायचं आणि काठीनं पाण्याकडं दाखवायचं, "त्यो पक्षी बग." जन्मात तुम्ही कधी पक्ष्यांकडं बघितलं नव्हतं! मला वाटलं, वय झालं तसा माणूस हौशी झाला. मी आपला पक्षी बघत राहिलो. जिन्यात थांबून तुम्ही फेटा नीट करायचा, मी पुढं निघून जायचो. आणि एका सकाळी हौद्याच्या काठावर बसल्या बसल्याच तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, छातीत बरेच दिवस दुखत असणार.

तुम्ही लपवत होता. माझ्यासाठी तुम्ही आख्खा दिवस बाकावर बसून काढलात, आणि मी रोज तुमच्याशेजारी चालत असून एकदाही तुमच्याकडं नीट बघितलं नाही. मी काय समोरचा गडी होतो का हो? तुमचाच मुलगा होतो ना?

रागावलेलो नाही. थोडा आहे.

आईचं बरं चाललंय, म्हणजे ती तसं सांगते. विचारलं की, "मला काय धाड भरलीया?" पण गेल्या पंधरवड्यात घागर उजव्या कमरेवरून डाव्या कमरेवर गेलीय. भाकरी थापताना ती मधेच हात थांबवते आणि चुलीतली लाकडं उगाच सारखी करते. या सोमवारी मी रजा टाकलीय. वर्तमानपत्र घेऊन सकाळपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसणार आहे. ती ओरडेल, कामात आडवा येतोस म्हणेल, लाटणं उगारेल. उगारू दे. तुम्हाला शब्द देतो, तिचं कुठं दुखतंय ते कळल्याशिवाय मी त्या उंबऱ्यावरून उठणार नाही.

तुमचा,
दत्तू